व्यवस्थापकाला कामगार न्यायालय नसते

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मी अकरा वर्षे उत्पादन व्यवस्थापक होतो. २०२३ मध्ये, गणपतीच्या रजांच्या अर्जांवर सह्या करीत असताना, दोन ओळींचे पत्र माझ्यासमोर ठेवण्यात आले: कंपनीला आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखपत्र काढून घेतले आणि सवयीने सलामही केला.

त्याच कारखान्यात, रात्रपाळीत झोपलेल्या एका ऑपरेटरला काढताना मी रीतसर खातेनिहाय चौकशी बसवली होती. तरीही तीत त्रुटी राहिल्याने तो कामगार न्यायालयातून मागील पगारासह परत आला. मलाही तोच मार्ग असेल, अशा समजुतीने मी चिपळूणच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, रजा कोण मंजूर करायचं?" मी म्हणालो, "मीच."

तिथेच विषय संपला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा माणूस 'कामगार' ठरत नसे. हुद्द्याची पाटी नव्हे, तर प्रत्यक्ष काम पाहिले जाते, त्यामुळे नावाला मॅनेजर असलेला पण दिवसभर नोंदवह्याच भरणारा माणूस कामगार ठरू शकतो. माझ्या सह्या मात्र माझ्याच विरुद्ध साक्षीला उभ्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, पर्यवेक्षकाला कामगार मानण्याची मासिक वेतनमर्यादा १०,००० वरून १८,००० रुपये झाली, पण व्यवस्थापक बाहेरचे बाहेरच राहिले.

उरते दिवाणी न्यायालय. खासगी नोकरीत पुन्हा रुजू करून घेण्याचा हुकूम तिथे सहसा मिळत नाही, कारण वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही. मिळते ती भरपाई, आणि तीही बहुधा नेमणूकपत्रातील नोटिशीच्या मुदतीच्या पगाराएवढीच. माझी मुदत तीन महिन्यांची होती, हे अकरा वर्षांत प्रथमच मी नीट वाचले.

ग्रॅच्युइटीला मात्र हुद्दा आड येत नाही. वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, मिळाले. कंपनीने नोटिशीचा पगार एकाच महिन्याचा दिला आणि 'कोणतीही तक्रार नाही' असे छापलेला कागद पुढे केला. वकिलांच्या सांगण्यावरून ती ओळ खोडून मी 'हक्क राखून' असे लिहिले व सही केली. उरलेल्या दोन महिन्यांसाठीचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत दाखल केला आहे. पुढची तारीख शिमग्यानंतरची आहे.