पावसातला तुक्का म्हणे!

2019 ची सायकलिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप रोड रेस मी लाइव्ह बघत होतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये नुसता धो धो पाऊस, रस्त्यांवर तळी झालेली, एवढी की आयोजकांनी वाटेतले मोठे चढच काढून टाकले आणि 285 किलोमीटरची रेस 260 च्या आसपास आणून ठेवली. तरी साडेसहा तास सायकल हाणायची होतीच, तेही त्या थंडीत. पुढे हॉलंडचा मॅथ्यू व्हॅन डर पूल होता आणि मी मनातल्या मनात त्याला वर्ल्ड चॅम्पियनची जर्सी घालूनपण टाकली होती. आणि शेवटची लॅप सुरू होता होता गडी एकदम गळाला. पायात काहीच उरलं नाही, बघता बघता मागे पडला.

मग उरले मात्तेओ ट्रेंटिन, स्टेफान क्युंग आणि एक डॅनिश पोरगा, मॅड्स पेडरसन. वय 23. स्प्रिंट, म्हणजे शेवटच्या काही मीटरांची जोरदार धाव, ट्रेंटिनचीच, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं आणि मीपण. ट्रेंटिनने लांबून सुरुवात केली, पेडरसन मागून आला आणि सरळ पुढे निघून गेला. डेन्मार्कला पुरुषांच्या रोड रेसमधला पहिला वर्ल्ड चॅम्पियन मिळाला. गंमत म्हणजे त्या दिवशी तो टीमचा लीडरसुद्धा नव्हता, डॅनिश टीमची भिस्त याकोब फुगल्सांग आणि मिखाएल वाल्ग्रेनवर होती.

लगेच बोलणं सुरू झालं. पाऊस होता म्हणून, व्हॅन डर पूल गळाला म्हणून, तुक्का लागला म्हणून. खरं सांगतो, मीपण त्यातलाच एक होतो.

पण मागचं थोडं बघितलं असतं तर तोंड बंद ठेवलं असतं. 2013 मध्ये यानेच ज्युनियर पारी-रूबे (फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची रेस) जिंकली होती, त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या ज्युनियर वर्ल्ड्समध्ये दुसरा आला होता आणि पहिला कोण? व्हॅन डर पूलच. मग 2018 च्या टूर ऑफ फ्लँडर्समध्ये, बेल्जियमच्या मोठ्या एकदिवसीय रेसमध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी परत दुसरा, निकी टेरप्स्ट्राच्या मागे. एवढं सगळं समोर असताना तुक्का कसला डोंबलाचा.

आता नशीब बघा. वर्ल्ड चॅम्पियनची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी वर्षभर मिरवायला मिळते आणि याच्या वाट्याला आलं 2020. मार्चमध्ये कोविडने सगळ्या रेस बंद, ऑगस्टपासून घाईघाईत सीझन सुरू. त्या जर्सीत पोलंडच्या टूरमध्ये एक स्टेज (अनेक दिवसांच्या रेसमधला एका दिवसाचा टप्पा) जिंकला, टूर द फ्रान्समध्ये पहिल्या दिवशी नीसला दुसरा, शेवटच्या दिवशी पॅरिसला दुसरा आणि मग जर्सी गेली नव्या वर्ल्ड चॅम्पियनकडे, फ्रान्सच्या आलाफिलीपकडे. ती उतरल्यावर दोनेक आठवड्यांत पठ्ठ्याने बेल्जियमची गेंट-वेवेलगेम रेस जिंकली! त्या दिवशी बेल्जियमचा वाउट व्हॅन आर्ट आणि व्हॅन डर पूल एकमेकांवर डोळा ठेवून बसले, पुढे राहून वारा झेलायला तू ओढ, नाही तू ओढ, आणि तेवढ्यात हा चौघांच्या ग्रुपमध्ये सुटून गेला. मागे ट्रेंटिन तिसरा, बिचारा.

मला याचं रेसिंग आवडायचं कारण म्हणजे हा निव्वळ स्प्रिंटर नाही. प्युअर स्प्रिंटर लोक चढ आला की मागे लटकतात आणि सपाट रस्त्याची वाट बघतात. हा दणकट गडी चढ-उतारांच्या दिवशी टिकून राहतो, प्युअर स्प्रिंटर गळून पडेपर्यंत वेग वाढवत ठेवतो आणि मग उरलेल्यांना हरवतो. दोनशे किलोमीटरनंतर याचे पाय इतरांपेक्षा कमी थकलेले असतात, एवढंच त्याचं गणित. 2022 ला टूरमध्ये सेंट-एतियेनचा स्टेज तर त्याने ब्रेकअवेमधून, म्हणजे मुख्य घोळक्याच्या पुढे सुटलेल्या ग्रुपमधून काढला. त्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टात तीन स्टेज आणि पॉइंट्सची ग्रीन जर्सी. 2023 ला इटलीच्या जिरोमध्ये नेपल्सला जिंकला आणि तिन्ही ग्रँड टूरमध्ये (टूर द फ्रान्स, जिरो, व्हुएल्टा) स्टेज जिंकलेल्यांच्या यादीत जाऊन बसला. 2025 चा जिरो तर विचारूच नका, चार स्टेज! पहिल्याच दिवशी टिरानाला जिंकून लीडरची गुलाबी जर्सी अंगावर, शेवटी पॉइंट्सची जर्सीपण.

पण माझा आवडता दिवस 2024 ची गेंट-वेवेलगेम. शेवटी दोघंच, पेडरसन आणि व्हॅन डर पूल. तेव्हा इंद्रधनुषी जर्सी व्हॅन डर पूलच्या अंगावर. पेडरसनचा टीममेट जोनाथन मिलान मागच्या ग्रुपमध्ये होता म्हणजे घाई व्हॅन डर पूललाच जास्त. पेडरसनने लांबूनच स्प्रिंट उघडली आणि दुसऱ्याला बाजूला यायलाच दिलं नाही. इथे पाऊस नव्हता, कोणी गळालं नव्हतं, समोरासमोर दोन माणसं आणि सरळ रस्ता. मी सोफ्यावरून उठून ओरडलो. पुढच्या वर्षी तीच रेस त्याने 50 हून जास्त किलोमीटर एकट्याने पळून जिंकली, म्हणजे स्प्रिंटची भानगडच नको.

एक गोष्ट मात्र राहूनच जाते, मॉन्युमेंट. म्हणजे फ्लँडर्स, रूबे धरून त्या पाच जुन्या, सगळ्यात मोठ्या एकदिवसीय रेसपैकी एखादी. पारी-रूबेला 2024 मध्ये तिसरा. 2025 मध्ये फ्लँडर्सला स्लोव्हेनियाच्या पोगाचारच्या मागे दुसरा आणि आठवड्याने रूबेला ऐन दगडी रस्त्यावर पंक्चर, तरी मागून येऊन व्हॅन आर्टला स्प्रिंटमध्ये हरवून परत तिसरा. दोन्ही वेळा रूबेच्या विजेत्याला मिळणारा तो दगड उचलला कोणी? व्हॅन डर पूल, अजून कोण. आता दरवर्षी एप्रिलमधल्या रूबेच्या रविवारी मी सकाळपासून दुसरं काही ठरवत नाही आणि हेलिकॉप्टरच्या शॉटमध्ये धुळीत आधी पेडरसनचं हेल्मेट शोधतो.