घाम न येणारा मेंढपाळ

काही रेकॉर्डींविषयी वाईट बोलायची सोयच नसते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांतलीच एक. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. १९६७ साली एचएमव्हीने काढलेला एलपी, म्हणजे मोठी लाँगप्ले तबकडी. आमच्या ओळखीच्या एका घरी गप्पांच्या ओघात मी म्हणून गेलो, “गोड आहे हो, पण एवढंही काही नाही त्यात.” पोहे वाढणारा हात माझ्या ताटलीवर तसाच थांबला. अभंगाची चाल आवडत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मुळात रेकॉर्डमागची कल्पना काय, तर काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहाट झाली, अहिर भैरव आणि नट भैरव. दिवस चढला, पिलू. सांज झाली, भूप. रात्र पडली, देस. आणि शेवटी पहाडी, प्रेमिकांसाठी. हिंदुस्तानी संगीतात रागांच्या वेळा ठरलेल्याच आहेत, त्या एका माणसाच्या दिवसात ओवल्या. निर्माते होते जी. एन. जोशी, म्हणजे आपले ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे जोशी. त्या माणसाला पुढे डोंगरदऱ्यांतल्या हाकेची रेकॉर्ड काढावीशी वाटावी, यात मला भारी गंमत वाटते. शीळ रानातून थेट खोऱ्यात गेली म्हणायची.

पण हा मेंढपाळ फार सुखी आहे हो. त्याच्या मेंढ्या हरवत नाहीत, पाऊस आला तरी कांबळं भिजत नाही, दिवसभर चढण चढून त्याला घाम म्हणून येत नाही. सकाळी प्रसन्न, दुपारी प्रसन्न, संध्याकाळी थोडा हुरहुरतो, तोही प्रसन्नपणेच. पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या दिवाणखान्यासारखा सगळा दिवस नीटनेटका आहे. आपण कडेला बसायचं, काही हलवायचं नाही.

लोक म्हणतात, एलपीची मर्यादा असते. बरोबर आहे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, त्यात किती राग मांडणार? पहिल्या तुकड्याला बारा-साडेबारा मिनिटं मिळालीत, बाकीचे सहा-सात मिनिटांत आटोपतात. पण वेळेची सबब मला पटत नाही, आणि तिला कारण आहेत मिरजेचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात त्यांनी झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ म्हटली, आणि ती संपते तेव्हा काही राहून गेलं असं वाटत नाही. उलट, यापुढे आता कोणी बोलू नये असं वाटतं. तेव्हा सहा मिनिटं म्हणजे चैन. अडचण मिनिटांची नाही. अडचण अशी की इथे रागाला काम नेमून दिलंय. त्याने सकाळ दाखवायची, संध्याकाळ दाखवायची, आणि दाखवून झालं की बाजूला व्हायचं. त्याला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर त्याला इथे जागा नाही.

भूप ऐकताना हे सगळ्यात जास्त खुपतं. नावाला साधा राग. सा (षड्ज), रे (रिषभ), ग (गंधार), प, ध (धैवत), पाच स्वर, नवशिक्या पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात. पण हेच पाच स्वर घेऊन जोर धैवतावर दिला की तो सकाळचा देशकार होतो. म्हणजे भूपाचं सगळं भूपपण गंधारावर तुम्ही कसे आणि किती वेळ उभे राहता यावर. महाराष्ट्रातल्या कानांना तर भूप म्हणजे गायिका किशोरीताई आमोणकर. त्यांच्या एलपीवरचं ‘प्रथम सूर साधे’ ज्याने ऐकलंय त्याला माहीत आहे, त्या गंधाराकडे निघतात आणि वाटेत रिषभावरच अशा रेंगाळतात की आपलाच जीव कासावीस होतो. पोचतात तेव्हा तो गंधार नुसता सुरात नसतो, भरलेला असतो. पुढे ‘सहेला रे’ सुरू होतं तोवर आपण कुठे बसलोय हेही विसरलेलो असतो. आणि इकडे खोऱ्यातला भूप? सुबक. स्वच्छ. एक चाल येते, बासरीची, संतूरची, परत फिरते, सांज झाल्याची वर्दी देते. गंधार लागतो, नाही असं नाही. पण त्यावर कोणी थांबत नाही. पुढे देस वाट बघतोय ना.

आता न्यायाचं बोलायचं तर १९६७ साली ही तिन्ही माणसं तिशीच्या आसपासची होती. संतूर हे काश्मीरच्या सुफियाना मौसिकीतलं, म्हणजे तिथल्या सूफी संगीतातलं वाद्य. मैफलीत त्याला कोणी विचारत नव्हतं. शिवकुमारजींनी १९५५ मध्ये मुंबईत ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा जाणकारांनी सांगितलं होतं की कलमांनी, म्हणजे लाकडी काड्यांनी ठोकायचं हे वाद्य, यात मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून येणार? स्वर वाजला की विरला. आक्षेप खोटा नव्हता. शिवकुमारजींनी त्याला उत्तर शोधत आयुष्य काढलं. तारांखालच्या घोड्या बदलल्या, तारांची जुळणी बदलली, वाद्य स्टँडवरून मांडीवर घेतलं, आणि पुढेपुढे कलम तारेवर इतकी हलकी फिरवायला लागले की आलाप ऐकताना आघात विसरायला व्हायचं. पण हे पुढेपुढे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ते उत्तर अजून पुरतं तयार नाही, म्हणून संतूर जागोजागी नुसतं चमकतं. हरिजींचंही तेच. त्यांचा रात्री उशिराचा जोग किंवा हेमवती ज्यांनी मांडी घालून ऐकलाय, त्यांना या रेकॉर्डमधली बासरी ओळखीची वाटेल, पण त्यांचं सगळं बोलणं तीत नाही. म्हणजे दोन मोठ्या कलावंतांची ही सुरुवातीची रेकॉर्ड, आणि जग तिलाच शिखर म्हणून मिरवतंय. पुढची पन्नास वर्षं त्यांनी काय उगाच घालवली?

राहिले काब्रा. माझ्या मते या रेकॉर्डचा खरा जीव त्यांच्यात आहे, आणि नेमके तेच मागे राहिले. शिव-हरी जोडी पुढे ‘सिलसिला’, ‘चांदनी’ करत घराघरांत गेली. अली अकबर खाँसाहेबांचा हा जोधपूरचा शिष्य गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत राहिला. तिघांमध्ये तारेवरून स्वर ओढत नेण्याची सोय एकट्या त्यांच्याकडे. पहिल्या तुकड्यात गिटार आली की तो कोमल रिषभ घसरत षड्जाकडे येतो, आणि तेवढ्यापुरता मेंढपाळ, मेंढ्या, खोरं सगळं बाजूला पडून अहिर भैरव समोर उभा राहतो. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. पहाटेपासून रात्रीपर्यंत ते मेंढपाळाच्या सोबत चालतात, आणि या रेकॉर्डचं कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचं नाव सांगता येतं ते विचारून बघा.

त्याच १९६७ साली लंडनमध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ हा अल्बम निघाला. तोही असाच गोष्टीत गुंडाळलेला, एका काल्पनिक बँडचा. पुढे लेननने स्वतःच सांगून टाकलं की त्याच्या गाण्यांचा त्या कल्पनेशी काही संबंध नव्हता. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याला पहिला नंबर दिला, आणि २०२० मध्ये तोच चोविसावर नेऊन ठेवला. इतक्या वर्षांत त्यातला एक स्वरही हललेला नव्हता. त्यांच्याकडे निदान देव्हाऱ्यातले देव असे अधूनमधून खालीवर करतात. आपल्याकडे एकदा शेंदूर लागला की लागला.

आणि शेंदूर लावायला या रेकॉर्डला बाहेरचेही हात लागले. पाश्चात्त्य श्रोत्याला दीड तासाच्या रागाची धास्ती. हे चाळीसेक मिनिटांत सहा रागांच्या गावांना नेऊन आणणारं, शिवाय सोबत गोष्ट. सतारीच्या वेडाचा तो काळ. तिकडे नाव झालं आणि मग ते आपल्याकडे जास्त वजनदार होऊन परत आलं. त्यानंतर जे झालं त्याचा दोष मात्र मी रेकॉर्डला देत नाही. हॉटेलची लॉबी, विमान उडण्यापूर्वीची दहा मिनिटं, मसाज करणारी दुकानं, ध्यानाची ॲप्स, जिथे तिथे संतूर आणि बासरी झिरपायला लागली. आज ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावली तर माझ्या भाचीला वाटतं, दंतवैद्याकडे बसलोय. १९६७ मध्ये हा मेळ नवा होता, हे तिला मी सांगू शकतो. ऐकवू शकत नाही.

पहाडीबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही. पहाडीला व्याकरणाची फार पर्वा नसते, ती धुनेत खुलते, आणि गोष्टीत कामाला लावली तरी तिचं काही बिघडत नाही. बासरी आणि संतूर इथे एकमेकांना जागा देतात, घाई संपलेली असते. या सहा-सात मिनिटांना मिळालेली कीर्ती मी बिनतक्रार मान्य करतो. उरलेल्या तेहतीस मिनिटांनी ती उसनी घेतलीय, एवढंच.

“तुला काश्मीरच आवडत नाही,” असं आमची ताई यावर म्हणते. काश्मीरला मी गेलेलो नाही. या रेकॉर्डमुळे जावंसं वाटलं असंही नाही. वाटलं ते एवढंच, की गोष्ट, मेंढपाळ, उरलेले पाच राग सगळं काढून टाकावं आणि दोन्ही बाजू काब्रांना अहिर भैरवासाठी द्याव्यात.