३२ बिटवरून ६४ बिटवर आणताना पत्ता अर्धाच येतो तेव्हा

परवा माझा एक जुना सी कोड ६४ बिट लिनक्सवर चालवायला घेतला, कंपाइल झाला, लिंकही झाला आणि लिंक लिस्टच्या पहिल्याच नोडला (यादीतल्या एका घटकाला) हात लावला तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे प्रोग्रॅम बंद. ३२ बिटवर हाच कोड वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललाय, त्यामुळे लॉजिकवर संशय घ्यायला मन तयार होईना.

जीडीबीत (प्रोग्रॅम चालताना आत डोकावायचं टूल) बघितलं तर नोड बनवणारं फंक्शन व्यवस्थित १२ हेक्स अंकांचा मेमरीतला पत्ता देत होतं, ५५५५ ने सुरू होणारा, पण कॉल करणाऱ्याच्या हातात पडत होते फक्त शेवटचे ८ अंक. कारण काय, तर ते फंक्शन दुसऱ्या फाइलीत आणि हेडरमध्ये त्याचं डिक्लेरेशनच (ते काय घेतं, काय परत देतं याची आगाऊ नोंद) नाही. जुन्या सी मध्ये डिक्लेरेशन नसलं की कंपायलर फंक्शन इंट परत देतं असं धरून चालायचा. इंट (पूर्णांक) ४ बाइटचा, पॉइंटर (मेमरीचा पत्ता ठेवणारा) ८ चा, मग वरचा भाग कापला जाणारच. सी९९ ने (सी चं १९९९ चं स्टँडर्ड) ही सवलत काढून टाकली तरी जीसीसी हा कंपायलर कितीतरी वर्षं नुसतं वॉर्निंग देत राहिला, १४ व्या व्हर्जनपासून मात्र सरळ एरर देतो, आणि हे फार चांगलं झालं कारण शेकडो वॉर्निंगच्या ढिगात नेमकं हे एक कोण वाचतंय.

खरी भीती वेगळीच आहे. कापलेला पत्ता कधीकधी बरोबरच निघतो! हीप (प्रोग्रॅम चालताना मागितलेली मेमरी) खालच्या २ जीबीत असेल तर वरचे अंक तसेही शून्य, मग कोड टेस्टिंगमध्ये पास होतो आणि मेमरी वाढली की कुठेतरी भलतीकडेच मरतो. मॅकवर ६४ बिट प्रोग्रॅमचे पहिले ४ जीबी मुद्दाम बंद ठेवलेले असतात, तिथे असा बग लगेच सापडतो, मला ही कल्पना मनापासून आवडते.

पॉइंटर लाँगमध्ये (पूर्णांकाचाच दुसरा प्रकार) ठेवायची सवय पण सोडा. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा आहे म्हणून चालून जातं, ६४ बिट विंडोजवर तो ४ चाच. पत्ता आकड्यात ठेवायचाच असेल तर यूइंटपीटीआर_टी वापरा, त्यासाठीच आहे तो.

क्रॅश गेला तरी जुनी डेटा फाइल वाचताना कचराच येत होता. स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलीत लिहिलेलं, आत एक इंट, एक लाँग, एक पॉइंटर. ३२ बिटवर १२ बाइट, इथे ४ + ४ पॅडिंग (कंपायलरने सोडलेली रिकामी जागा) + ८ + ८ म्हणजे २४, म्हणजे पहिल्याच रेकॉर्डपासून सगळं सरकलेलं. शेवटी फाइलीचं रेकॉर्ड वेगळं केलं, त्यात फक्त इंट३२_टी (सगळीकडे ४ बाइटचाच), लिंक लिस्टचा पॉइंटर फाइलीतून बाहेर, आणि जुन्या १२ बाइटवाल्या फाइली वाचायला एक छोटं फंक्शन लिहिलं. आता दोन्ही मशीनवर तीच फाइल उघडतेय.