कागदावरची स्कायलाइन

शनिवारी आमचं ऑफिस बंद असतं. पण फोनवर कुणी मराठी पोरगं "ताई, फक्त दहा मिनिटं" म्हणालं की मी किल्ली घेऊन निघते. ही माझी खोड नवरा वीस वर्षं सहन करतोय. ऑक्टोबर २०२४ मधला तो शनिवार असाच गेला. दहा मिनिटांचे साडेचार तास झाले.

मी कस्टम्स ब्रोकर आहे, मुंबईत ज्याला क्लिअरिंग एजंट म्हणतात तेच काम. ऑफिस न्यू जर्सीतल्या एलिझाबेथला, खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात. माल कुणाचा, कुठला, किती किमतीचा हे सरकारला लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. पोट चालतं ते फरशा, चादरी आणि गोठवलेल्या कोळंबीवर. अलीकडे मात्र जुन्या जपानी गाड्या वाढल्यात.

त्याचं कारण १९८८ चा एक कायदा. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार न बनलेली गाडी इथे आणायची, तर ती कारखान्यातून निघून २५ वर्षं झालेली हवी. मोजणी महिन्यावर होते, आणि तीही बनल्याच्या महिन्यावर, जपानात पासिंग झालं त्या महिन्यावर नाही. धुराच्या नियमांतून सुटायला २१ वर्षं पुरतात, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो. भारतात नेमकं उलटं: वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि तीही मुंबई बंदरातूनच. इकडे म्हातारी लागते, तिकडे तरणी. निसानची स्कायलाइन आर-३४ बाजारात आली मे १९९८ मध्ये. म्हणजे अगदी पहिली आर-३४ सुद्धा इथे सरळ मार्गाने येऊ शकली ती मे २०२३ नंतर.

त्याआधीही काही आल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने २००० च्या सुमारास सरकारकडून स्कायलाइनसाठी परवानगी मिळवली होती. पुढे सरकारने ती तपासली आणि १९९६ ते १९९८ च्या आर-३३, म्हणजे आर-३४ च्या आधीच्या मॉडेलपुरतीच ठेवली. त्या काळात रीतसर सोडवलेल्या मोजक्या आर-३४ गाड्यांकडे सरकारचं बाँड-मुक्तीचं, म्हणजे तारण मोकळं केल्याचं, पत्र असतं. ते पत्र नसेल आणि वयही बसत नसेल, तर तिसरा सरळ रस्ता जवळजवळ नाहीच. 'प्रदर्शनासाठी' म्हणून एक सवलत आहे, पण ती गिन्याचुन्या मॉडेलांना, वर्षाला २,५०० मैलांच्या अटीवर.

पोरगा नाशिकचा, राहतो एडिसनला, सॉफ्टवेअरमध्ये. गाडी निळी, दोन दारांची, सहा सिलिंडरची टर्बो. स्कायलाइनमधली सगळ्यात वरची जीटी-आर नव्हे, तिची धाकटी बहीण. उजवीकडच्या दारातून उतरला आणि हसून म्हणाला, "स्टिअरिंग घरच्यासारखं आहे ना, ताई, म्हणून घेतली." दीड वर्षापूर्वी ४६,००० डॉलरला. आता घराच्या डाउन पेमेंटसाठी विकायला काढली होती. टेक्सासमधलं गिऱ्हाईक शहाणं निघालं. त्याने आगाऊ रक्कम द्यायच्या आधी एचएस-७ आणि ७५०१ मागितले.

एचएस-७ म्हणजे गाडी आत आणताना 'ही कोणत्या नियमात बसते' हे ज्या फॉर्मवर खूण करून सांगतात तो. ७५०१ म्हणजे कस्टम्सचा एंट्रीचा कागद. ते दोन कागद म्हणजे गाडीचा जन्मदाखला समजा. पोराकडे ७५०१ चा मोबाइलवरचा फोटो होता आणि न्यू जर्सीचं खणखणीत टायटल, म्हणजे मालकीचा कागद. दोन्हींवर १९९४ ची निसान स्कायलाइन, चासी नंबर 'ईसीआर३३'ने सुरू होणारा. एंट्री ९ एप्रिल २०१९.

मी कागदाकडे पाहिलं, मग गाडीकडे. माझे वडील मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये टॅली क्लार्क होते. ते म्हणायचे, आधी माल बघ, मग कागद वाच, नाहीतर कागद तुला माल दाखवतो.

"अरे, ही आर-३४ आहे."

"हो."

"आणि कागद आर-३३ चा."

"विकणारा म्हणाला, मोटर व्हेइकलवाल्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आर-३४ नसतंच. म्हणून जवळचं मॉडेल टाकतात."

मी त्याला बॉनेट उघडायला सांगितलं आणि डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यावर टॉर्च मारला. जपानातच विकायला बनलेल्या गाडीला अमेरिकन पद्धतीचा सतरा अक्षरी नंबर नसतो. चासी नंबर इथे पत्र्यावरच ठोकलेला असतो, आणि मॉडेल, रंग, इंजिन सांगणारी एक छोटी पट्टी वेगळी लावलेली असते. पट्टी नव्हतीच, रिव्हेटची भोकं तेवढी होती. नंबर होता. पण त्याच्याभोवतीचा वीतभर पत्रा बाकीपेक्षा जास्त निळा, आणि बोट फिरवलं तर रंगाखाली ग्राइंडरचे ओरखडे लागत होते. दोन तिनांमधला दुसरा थोडा वर बसलेला. कारखान्याचं यंत्र असं वाकडं ठोकत नाही.

मग चालकाचं दार उघडलं. जपानातले गॅरेजवाले ऑइल बदललं की दाराच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवतात: तारीख, किलोमीटर, पुढची खेप. उन्हाने फिकट झालेली ती चिठ्ठी तशीच होती. तारखेपुढे रेइवा ३ लिहिलेलं. जपानी लोक सम्राटाच्या राजवटीची वर्षं मोजतात. रेइवा शक सुरू झालं १ मे २०१९ ला, म्हणजे तिसरं वर्ष २०२१. कागदाप्रमाणे ही गाडी ९ एप्रिल २०१९ ला नेवार्कला उतरली. जे शक तेव्हा सुरूच झालं नव्हतं, त्याच्या तिसऱ्या वर्षी जपानातल्या कुठल्या तरी गॅरेजमध्ये तिचं ऑइल बदललं होतं.

शेवटी सीटबेल्ट पूर्ण ओढून तळाशी शिवलेलं लेबल बघितलं. नोव्हेंबर २०००.

कुणीतरी खऱ्याखुऱ्या १९९४ च्या आर-३३ चे कागद जपून ठेवले, ती गाडी बहुधा भंगारात गेली, आणि तिचा नंबर या गाडीला ठोकला. ही आत कशी आली ते मला सांगता येणार नाही. अशा गाड्या 'सुटे भाग' म्हणून कंटेनरमधून येतात आणि इथे जोडल्या जातात, एवढं धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. न्यू जर्सीत कुणाच्या लक्षात का आलं नाही, याचं उत्तर तर फारच साधं आहे: १९९५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना इथे इन्स्पेक्शनच नाही. कागदावर १९९४ म्हटल्यावर तिचं बॉनेट सरकारी माणसाने उघडायचा प्रश्नच आला नाही.

"पण टायटल तर राज्य सरकारनं दिलंय, ताई. ते खोटं कसं असेल?"

टायटल खोटं नाहीच. राज्य सांगतं, गाडी कुणाच्या मालकीची. ती देशात यायला पात्र होती का, हे बघायचं काम फेडरल सरकारचं. एकाने दिलेल्या कागदाने दुसऱ्याचा गुन्हा धुतला जात नाही. ही एक गोष्ट मी या पोरांना इतक्यांदा सांगितली आहे की आता झोपेत सांगेन.

त्याने दुसरा डाव टाकला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तिला २५ पूर्ण होतील, तोवर झाकून ठेवली तर? नाही. ती आत आली त्या दिवशी पात्र नव्हती, आणि तो दिवस बदलत नाही. जप्तीची मुदतही गुन्हा घडल्यापासून नाही, सरकारला कळल्यापासून मोजतात.

"मी तर फसलोय ना! माझा काय दोष?"

इथे मला वाईट वाटलं, कारण हा प्रश्न रास्त आहे आणि कायद्याचं उत्तर रास्त नाही. २००० साली इथल्या जप्तीच्या कायद्यात सुधारणा झाली आणि अजाण मालकाला बचाव मिळाला. पण कस्टम्सचा कायदा त्यातून मुद्दाम वगळला. कस्टम्सच्या जप्तीत खटला मालकावर नसतो, मालावर असतो. मालक दयेचा अर्ज करू शकतो, त्याला इथे पिटिशन म्हणतात, आणि दया दाखवायची की नाही ते खातं ठरवतं. बरं झालं तर गाडी देशाबाहेर पाठवायची मुभा. नाहीतर चुरा.

त्याने लगेच लँडरोव्हरवाल्यांचं उदाहरण काढलं. रात्रभर वाचून आला होता. २०१४ च्या जुलैत सरकारने लँडरोव्हरच्या ४० डिफेंडर गाड्या एकाच वेळी उचलल्या होत्या, आणि मालक भांडल्यावर त्यातल्या बऱ्याच परत कराव्या लागल्या, हे खरं. पण घासून ठोकलेला नंबर घेऊन भांडायला जाणं म्हणजे स्वतःच्या पायाने चौकीत जाणं.

मग मी त्याला जे विचारलं ते विचारायला नको होतं, पण विचारलं. "खरं सांग, घेताना शंका आली नव्हती?"

तो टायरकडे बघत राहिला. "थोडी आली होती. बाजारात अशीच गाडी साठ-पासष्टला होती."

म्हणजे पंधरा-वीस हजार डॉलरची शंका त्याने गिळली होती. मी काही त्याला नावं ठेवत नाही. एवढ्या स्वस्तात मिळाली असती तर माझ्या भावानेही घेतली असती, आणि वर मलाच अक्कल शिकवली असती.

पण दुपारी एक वाजता मी त्याला जे सांगितलं, त्यात भीड ठेवली नाही. "सकाळपर्यंत तुला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा होती. आता तुला माहीत आहे. आता टेक्सासवाल्याला विकलीस तर तू फसवलेला राहणार नाहीस, फसवणारा होशील. चोरट्या मार्गाने आलेला माल जाणूनबुजून विकणं हा वेगळा गुन्हा आहे, खाडाखोड केलेल्या नंबरची गाडी विकणं आणखी वेगळा. आणि मला 'ताई, एक एचएस-७ बनवून द्या' म्हणालास, तर मला तुझं काम सोडावं लागेल, आणि का सोडलं ते कस्टम्सला कळवावंही लागेल. ब्रोकरच्या नियमांत तसं लिहिलंय."

तो म्हणणारच होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणाला नाही. खूप वेळाने त्याने विचारलं, "माझ्या ग्रीन कार्डला काही होईल का?"

एच-वनवरच्या पोराच्या पोटातला खरा गोळा तो होता. ४६,००० डॉलर नंतर. मी ब्रोकर आहे, वकील नाही. म्हणून त्याला दोन वकील गाठायला सांगितले, एक कस्टम्सचा, एक इमिग्रेशनचा, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं. गाडी तशीच हळू चालवत घरी ने, आणि मग हलवू नकोस. ती चिठ्ठी काढू नकोस, पत्रा घासू नकोस, विकणाऱ्याचे मेसेज पुसू नकोस. टेक्सासवाल्याला आज संध्याकाळीच 'विकायची नाही' म्हणून कळव, कारण सांगत बसू नकोस.

ऑफिसच्या पँट्रीत चहा केला. त्याने तीन चमचे साखर घातली आणि अर्धा टाकून दिला.

वकिलाने स्वतःहून खात्याशी संपर्क साधला. फेब्रुवारीत अधिकारी ट्रक घेऊन त्याच्या अपार्टमेंटखाली आले आणि पावती देऊन गाडी घेऊन गेले. बाहेरदेशी पाठवायची परवानगी मागितली होती, मिळाली नाही. नंबर घासलेला होता ना. त्याच्यावर काही लावलं नाही, आणि वकील म्हणतो की स्वतःहून गेल्याचा उपयोग झाला. विकणारा अजून सापडलेला नाही. वकिलांची दोन्ही बिलं धरली तर पोराने एक बऱ्यापैकी टोयोटा घालवली.

परवा त्याने मला एक फोटो पाठवला. मोटर व्हेइकलचं पत्र: आपल्या १९९४ निसान स्कायलाइनचं रजिस्ट्रेशन संपत आहे, कृपया वेळेत नूतनीकरण करा. खाली विचारलं होतं, "ताई, याचं काय करू?"

मी लिहिलं, वकिलाला पाठव. आणि पैसे भरू नकोस.