फ्रेम उघडून दाखवा, मग बोलू

नागपूरच्या महाल भागात आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. गजानन महाराज, ताजुद्दीन बाबा, लग्नाचे फोटो आणि पोरांच्या डिग्र्या यांच्यावर ते चालतं. अलीकडे त्यात सहीच्या बॅटी, जर्सी आणि चेंडूंची भर पडली आहे. विदर्भानं रणजी जिंकायला सुरुवात केल्यापासून तर जास्तच. यातलं बरंचसं सामान लोक खासगी माणसाकडून घेतात, ऑनलाइन जाहिरात बघून किंवा मित्राच्या मित्राकडून. माझ्याकडे येईस्तोवर पैसे देऊन झालेले असतात, आणि मग मी काही बोललो की मीच वाईट.

फ्रेम आम्हीच करतो, म्हणून तिच्यात काय काय झाकता येतं हे आम्हाला ठाऊक असतं. माउंटबोर्डाखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याखाली, कागदाच्या कडा जातात. काचेच्या चमकेत छापील सही आणि पेनाची सही सारखीच दिसते. जर्सी घडी घालून पिना मारल्या की कॉलरच्या आतलं लेबल आणि अख्खी पाठ गायब. म्हणून विकणारा ‘सीलबंद आहे, उघडली की किंमत उतरते’ म्हणाला की माझे कान टवकारतात. फ्रेम उघडल्यानं आतल्या वस्तूची किंमत उतरत नाही. मागचा हार्डबोर्ड काढायचा, बघायचं, परत बसवायचा. अर्ध्या तासाचं काम.

मिहानमधल्या कंपनीत नोकरीला असलेला एक पोरगा विकणाऱ्यालाच दुकानात घेऊन आला होता. हुशार पोरगा. पैसे अजून दिले नव्हते. बॉक्स फ्रेममध्ये कसोटीचा पांढरा शर्ट, छातीवर सौरव गांगुलीची सही, खाली पितळी पट्टी. भाव एक लाख ऐंशी हजार, तोही रोख. सोबतची गोष्ट अशी, की विकणाऱ्याचे वडील तेव्हा जामठ्याच्या मैदानावर कामाला होते आणि दादानं, म्हणजे गांगुलीनं, जाता जाता शर्ट काढून दिला.

गोष्ट सांगण्यात गडी पटाईत होता. नोव्हेंबर २००८, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना, जामठ्यावरची पहिलीच कसोटी आणि गांगुलीची शेवटची. पहिल्या डावात ८५, दुसऱ्यात शून्य. शेवटी धोनीनं थोडा वेळ नेतृत्व त्याच्याकडे दिलं. ऑस्ट्रेलियाच्या क्रेझा या फिरकीपटूनं पदार्पणातच १२ बळी घेतले, हेही त्याला पाठ होतं. सगळं खरं. पोरगा ऐकताना विरघळून गेला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही मजा येऊन राहिली होती.

पण यातली प्रत्येक गोष्ट जुन्या पेपरात सापडते. त्यानं सामना झाल्याचं सिद्ध होतं. हा शर्ट त्या सामन्यातला आहे, याला त्यातला एकही शब्द पुरावा नाही. मला वाटतं, लोक फसतात ते नेमकं इथं. गोष्टीतले दहा तपशील बरोबर निघाले की अकरावा, ज्याचे पैसे मोजायचे असतात, तो कुणी तपासतच नाही.

मी पिना काढल्या, शर्ट उलटा केला. पाठीवर नाव आणि नंबर.

कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव-नंबर यायला लागले २०१९ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया अ‍ॅशेसपासून. २००८ मध्ये पाठ कोरी असायची. मी म्हटलं, “भाऊ, हे कसं काय?” तो म्हणाला, “असंन नंतर छापून घेतलं. तुम्ही काऊन इतकं खोदून राहिले?” मग फोन आला म्हणून बाहेर गेला, परत येऊन मुकाट्यानं फ्रेम उचलली. माझ्या पिना तेवढ्या राहिल्या.

असंच एकदा १९८७ च्या विश्वचषकातल्या चेतन शर्माच्या हॅट्‌ट्रिकचा चेंडू आला होता. सिव्हिल लाइन्सचं व्हीसीएचं (विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं) मैदान, ३१ ऑक्टोबर, न्यूझीलंडविरुद्ध. त्याच सामन्यात गावसकरनं एकदिवसीय क्रिकेटमधलं आपलं एकमेव शतक काढलं. आमच्या पिढीच्या नागपूरकराला हे सांगायला नको. चेंडू मात्र पांढरा होता. तो विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूनं खेळला गेला. रंगीत कपडे आणि पांढरा चेंडू विश्वचषकात आले ते १९९२ ला.

कागदासाठी माझ्याकडे नोटा तपासायचा निळा दिवा आहे. सी. के. नायडू आपल्या नागपुरात जन्मलेले, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, त्यामुळे त्यांच्या सहीचं इथे आकर्षण मोठं. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यातला म्हणून दाखवलेला कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकला, तर समजायचं की गडबड आहे. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते चमकणारं रसायन सर्रास वापरात आलं १९५० नंतर. न चमकणारा कागद मिळाला तरी सही खरी ठरत नाही हं, जुन्या वहीची कोरी पानं रद्दीत मिळतात. आणि छापील सही दहापट भिंगाखाली धरली की बहुतेकदा बारीक ठिपके दिसतात. लहान बॅटींवर तशाच छापील सह्या असतात. त्या चोरून नाही, उघडपणेच स्मरणवस्तू म्हणून विकतात. दुसऱ्या हाती गेल्यावर त्या ‘खऱ्या’ होतात.

सर्टिफिकेट आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. माझ्या शेजारचा झेरॉक्सवाला दहा मिनिटांत होलोग्रामसकट काढून देईल. नामांकित संस्थेचं असलं तरी जपून. अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं एक जुनं कार्ड आहे, २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकलं गेलेलं. तपासणी संस्थेनं त्याला दहापैकी आठ गुण देऊन प्लॅस्टिकमध्ये बंद केलं होतं. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं कबूल केलं की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या.

याउलट मॅराडोनाच्या १९८६ च्या ‘हँड ऑफ गॉड’ शर्टाचं बघा. हातानं मारलेला तो गोल दुसऱ्या हाफमधला, आणि हा शर्ट पहिल्या हाफमधला आहे असा आक्षेप मॅराडोनाच्या घरच्यांनी घेतला होता. सोदबीज या लिलाव कंपनीनं सामन्यातल्या फोटोंशी शर्टाचे बारकावे जुळवून दाखवले आणि २०२२ मध्ये तो ७१ लाख पौंडांना गेला. म्हणजे विकणाऱ्याच्या ताब्यात नसलेल्या गोष्टीशी वस्तू जुळवली. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण त्या दिवसाचे फोटो मोबाइलवर बघता येतात. बॅटीवरचं स्टिकर, छातीवरचा प्रायोजक, एवढ्यानंही अर्धे सौदे मोडतात.

दुकानात येणारे एक वकीलसाहेब सांगतात ते ऐका. ग्राहक आयोगात तक्रार होते ती धंदा करणाऱ्यावर. घरातली वस्तू एकदाच विकणाऱ्याला त्यात बसवणं अवघड. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करा, तर त्याला आधीपासून ठाऊक होतं हे दाखवावं लागतं, आणि तो म्हणतो, “मलेही असंच सांगितलं होतं.” वस्तू चोरीची निघाली तर मूळ मालक घेऊन जातो, तुमचे पैसे तुमच्यापाशी परत येतील याची खात्री नाही. म्हणून पैसे बँकेतून द्यायचे आणि कागदावर लिहून घ्यायचं, ‘अमुक सामन्यात अमुक खेळाडूनं घातलेला शर्ट’, खाली सही, पत्ता, ओळखपत्राची प्रत. नुसतं ‘एक शर्ट मिळाला’ अशी पावती घेऊन उपयोग नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. भाव त्याच्या जरासाच खाली आणि तोही रोखच हवा असेल, तर का, ते विचारा.

फ्रेम उघडून परत बसवायचे मी शंभर रुपये घेतो. विकणारा सोबत आला असेल तर तेही नाही.