घाटात उघडणारी दारं

काकूंच्या पायापासून वीतभर अंतरावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा आदळला, असं काकांनी फोनवर सांगितलं आणि माझा रंधा तिथेच थांबला. ती कपाटं मीच बसवली होती.

धुळ्यात माझं फर्निचरचं दुकान आहे. काका निवृत्त शिक्षक. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यांनी तिचा कॅम्पर करवला. मागे झोपायची फळी, छोटा ओटा, दोन्ही बाजूंना छताखाली कपाटं. घरच्या कपाटांना लावतो तशीच चुंबकं मी पल्ल्यांना, म्हणजे दारांना लावली. डबा पडल्यावर जास्त जोराची लावली. पुढच्या फेरीत दार पुन्हा उघडलं. मग मीच म्हणालो, या खेपेला मी सोबत येतो. उभ्या गाडीत कितीही ठोकून पाहिलं तरी हे कळणार नव्हतं.

दोंडाईचा, शहादा करत तोरणमाळच्या वाटेला लागलो. शहाद्यापर्यंत एक पल्ला हलला नाही. घाट सुरू झाला तसा मी मागच्या सीटवर पट्टा बांधून कपाटांवर नजर लावली. उजव्या वळणाला ड्रायव्हरच्या बाजूचं कपाट उघडलं, डाव्या वळणाला समोरचं. गाडी उजवीकडे वळली की सामान डावीकडे जाऊ पाहतं, आणि उजव्या भिंतीवरच्या कपाटाचं तोंड नेमकं तिकडेच. एवढं माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पण प्रत्येक वेळी दार उघडायच्या आधी आतून एक आवाज यायचा. सर्र... आणि मग ठक. दोन कपाटं रिकामी होती, त्यांचे पल्ले मात्र जागचे हलत नव्हते.

माझ्यासोबत आलेला कारागीर, वयाने विशीतला, तोही कान देऊन होता. म्हणाला, "दार नही उघडत भाऊ, डबा उघाडस त्याले."

अगदी तेच. आतून सनमायका लावलेली गुळगुळीत फळी. त्यावरून डबा घसरायचा, वेग घ्यायचा आणि पल्ल्याला धडक द्यायचा. चुंबक नुसता पल्ला बंद धरतं, पिठाने भरलेल्या डब्याची धडक धरत नाही. मी दोन वेळा दाराचाच इलाज केला होता. फळीकडे पाहिलंच नव्हतं, आणि त्यात काकूंचा पाय थोडक्यात वाचला.

वर यशवंत तलावाजवळ गाडी लावून आम्ही कामाला बसलो. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी, आत जाळीची रबरी चटई. पट्ट्या काकांनीच मापून कापल्या; हात स्थिर आहे त्यांचा. चुंबकं काढून दाबायच्या बटणाची कुलपं बसवली. बटण आत दाबलं की जीभ अडकते, पुन्हा दाबलं की सुटते. पल्ले बारा एमएम प्लायचे, तेव्हा स्क्रू अर्ध्या इंचाच्या आतलेच. पाऊण इंची लावला तर टोक पलीकडे निघतं. बिजागऱ्यांचे काही स्क्रू हादऱ्यांनी ढिले झाले होते. त्या भोकांत फेविकॉलमध्ये बुडवलेल्या बांबूच्या काड्या ठोकल्या, रात्रभर सुकू दिल्या आणि सकाळी स्क्रू पुन्हा पिळले. पिठाचा डबा, तेलाचा कॅन, कुकर हे सगळं खालच्या कपाटात गेलं. वर फक्त कपडे, पापड, चहा-साखर.

दुसऱ्या दिवशी उतरताना मी पुन्हा त्याच सीटवर. पहिल्या वळणाला काकूंनी सवयीने हात वर धरला, दुसऱ्याला धरला, मग मांडीवर ठेवला. घाट संपेपर्यंत एकही दार उघडलं नाही. फक्त चमच्यांचा ड्रॉवर खडखडत राहिला. त्याला कडी लावायची आहे, परवा काका गाडी घेऊन येताहेत.