धप्पा म्हणण्याआधी दूर व्हायचे: सिएटल ते ओरेगन, जिओकॅशिंगचे तीन दिवस

सिएटलच्या आसपास राहणारे आम्ही तिघे आणि आमच्यापैकी एकाचे नाशिकहून आलेले वडील (पुढे ‘काका’), असे चौघे जण ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी निघालो आणि रविवारी संध्याकाळी परतलो. या काळात आम्ही जी तीन ठिकाणे पाहिली त्यांना जिओकॅशिंगचा छंद असलेले लोक मिळून ‘ट्रायड’ म्हणतात: या खेळाची सुरुवात झाली ती ओरेगनमधली जागा, सिएटलच्या पूर्वेला स्नोक्वाल्मीच्या बोगद्यापलीकडची एक जुनी पेटी आणि सिएटलमधले खेळाचे मुख्यालय. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की कोणीतरी कुठेतरी डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीचे जीपीएसच्या आधाराने तिथे पोहोचून, डबा शोधून, आतल्या वहीत सही करून तो जसाच्या तसा परत ठेवतात. या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. तिचा रोकडीशी काहीही संबंध नाही, हे काकांना पहिल्या दिवशी दोनदा सांगावे लागले.

काका भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. शंकू-साखळीपासून सुरुवात करून पुढे यंत्राने मोजणी करेपर्यंतचा सगळा काळ त्यांनी शेतांच्या बांधांवर उभे राहून काढलेला. त्यामुळे आम्ही हौसेने जे करत होतो ते त्यांच्या दृष्टीने नोकरीतले काम होते, फक्त वाद घालायला शेजारचा शेतकरी नव्हता.

आमच्या गटाचा एक नियम आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. चौघे एकत्र शोधायला लागले की पहिल्याला डबा दिसतो आणि तो ओरडतो. इतरांचा शोध तिथेच संपतो आणि त्यांच्या वाट्याला नुसती सही उरते. म्हणून आमच्यात ज्याला डबा दिसेल त्याने त्याला हात न लावता, चेहऱ्यावर काही न दाखवता, आणखी थोडे शोधल्यासारखे करत दहा-पंधरा पावले दूर जायचे आणि मग ‘धप्पा’ म्हणायचे. लगेच थांबून म्हटले तर आपण कुठे उभे आहोत यावरूनच जागा कळते. शेवटच्या माणसाने धप्पा म्हटल्यावरच डबा उघडायचा. फारच वेळ लागला तर अडलेल्याने स्वतः सूचना मागावी, आपण होऊन कोणी देऊ नये. हा नियम पाळल्याने वेळ दुप्पट लागतो, पण गटाने जाण्यात काही अर्थ राहतो.

मुख्यालय सिएटलच्या फ्रीमाँट भागात, कालव्याजवळ आहे. तिथे पाहुण्यांसाठी एक खोली असून मोठ्या पेटीतल्या वहीत सही करता येते. पेटीत ‘ट्रॅकेबल’ म्हणजे क्रमांक कोरलेल्या, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करणाऱ्या वस्तूही असतात. भेटीच्या वेळा मर्यादित आहेत आणि बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या खेळाच्या संकेतस्थळावर, या पेटीच्या पानावर पाहूनच दिवस ठरवावा. आम्ही शुक्रवार निवडला तो याच कारणासाठी. गाडी लावायला जागा सहज मिळत नाही, बसने जाणे सोपे. काकांनी तिथेच बसून फोनवर स्वतःचे खाते उघडले आणि ‘मोजणीदार’ असे नाव घेतले. इथे अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

शनिवारी पहाटे बेलव्ह्यूहून निघालो. आय-५ महामार्गाने पोर्टलंड, तिथून आय-२०५ ने ओरेगन सिटी आणि मग बीव्हरक्रीक व एस्टाकाडा यांच्यामधल्या झाडीतल्या रस्त्यांवर, असा एका बाजूचा साधारण तीनशे किलोमीटरचा प्रवास आहे. वाटेत चहासाठी थांबलो तेव्हा मी केलेली चूक उघडकीस आली. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटे अशी पद्धत वापरतात. मूळ जागा ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर आणि १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम अशी आहे. मी गाडीच्या नकाशात ती घाईने ४५.१७४६० आणि १२२.२४८०० अशी टाकली होती. मिनिटांना ६० ने भागले पाहिजे, म्हणजे खरे आकडे ४५.२९१०० आणि १२२.४१३३३ येतात. काकांनी फोनवर एकच नजर टाकून ‘साठाने भागलंस का?’ असे विचारले. माझ्या आकड्यांनी आम्ही सुमारे अठरा किलोमीटर आग्नेयेला, भलत्याच जंगलात पोहोचलो असतो. नवख्यांनी हे लक्षात ठेवावे, आणि पश्चिम रेखांशापुढे उणे चिन्ह टाकायला विसरू नये, नाहीतर गाडीचा नकाशा आपल्याला थेट चीनमध्ये नेऊन ठेवतो. अॅपमधून थेट ‘मार्गदर्शन’ निवडले तर ही भानगड उद्भवत नाही, पण तिथे मोबाइलला नेटवर्क मिळेलच असे नाही, तेव्हा नकाशा आणि कॅशचे वर्णन घरूनच उतरवून घ्यावे.

जागा रस्त्याच्या अगदी कडेला आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर उपकरण शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे, ते एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आले. हे समजताच काका म्हणाले, ‘शंभर मीटर म्हणजे शेजाऱ्याचं अख्खं शेत गेलं की.’ ही नवी अचूकता किती खरी आहे हे पाहण्यासाठी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ३ मे रोजी इथे एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, काही पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा असा ऐवज होता. तिचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केले. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, एवढाच नियम होता. माइक टीग यांनी ती सर्वप्रथम शोधली. ‘जिओकॅशिंग’ हा शब्द त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी सुचवला, आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी संकेतस्थळ सुरू केले तेव्हा जगभरात ७५ डबे नोंदलेले होते. बादली आज नाही. तिच्या जागी २००३ साली बसवलेला एक फलक आहे. घेवड्याचा तो डबा मात्र टिकून आहे आणि ट्रॅकेबल म्हणून मेळाव्यांमधून फिरतो.

फलक पाहून निराश होणारे असतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. एवढ्या लांब येऊन पाहायचे ते एक दगड, एक पत्रा आणि भोवतालची झाडे. आम्ही तिथे तासभर रमलो याचे श्रेय काकांना आहे. त्यांनी तिघांचे तीन फोन फलकावर ठेवून प्रत्येकाचा आकडा वहीत उतरवला. तिन्ही वेगवेगळे आले. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, आणि या अक्षांशावर पूर्व-पश्चिम जेमतेम १.३ मीटर, हे त्यांनी गवतावर पावले टाकून दाखवले. त्यावरून निघालेला धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे: शेवटच्या दहा मीटरमध्ये फोनच्या बाणामागे गोल-गोल फिरू नये. फोन खिशात घालावा आणि आपल्याला लपवायचे असते तर कुठे लपवले असते याचा विचार करावा. तिथे गाड्या वेगाने जातात आणि थांबायला जागा थोडी आहे, म्हणून मुलांना रस्त्याच्या बाजूला उतरू देऊ नये.

परतताना क्लॅकमस नदीकाठी एका डब्याने आम्हाला चाळीस मिनिटे झुलवले आणि तो सापडला नाही. एका दुकानाच्या वाहनतळात दिव्याच्या खांबाच्या बुडाशी असलेले पत्र्याचे झाकण उचलल्यावर मात्र दुसरा एक डबा लगेच मिळाला. ही अमेरिकेतली अगदी नेहमीची आणि माझ्या मते सर्वांत आळशी लपवणूक. नदीकाठच्या डब्याची ‘सापडली नाही’ अशी नोंद आम्ही चौघांनीही केली. ती करायला लोक उगाच लाजतात. अशा सलग नोंदी आल्या की लपवणाऱ्याला कळते की डबा पाहून यायला हवे.

रविवार बोगद्याचा. आय-९० च्या ५४ क्रमांकाच्या फाट्यावर हायॅक आहे, तिथे गाडी लावायला वॉशिंग्टन राज्याचा डिस्कव्हर पास (गाडी लावण्याचा परवाना) लागतो. मिलवॉकी रेल्वेमार्गासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खोदलेला हा बोगदा सुमारे ३.७ किलोमीटर लांब आहे आणि आता तिथून रेल्वे जात नाही, पायी किंवा सायकलने जाता येते. हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद असतो. आत दिवे नाहीत, छतातून पाणी ठिबकते, आणि बाहेर घाम येत असताना आत स्वेटर लागतो. प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी हवी, फोनचा उजेड पुरत नाही. आमच्यातल्या एकाने ती चार्ज करून आणली नव्हती, त्यामुळे तो पूर्ण वेळ काकांच्या मागे चालला. बोगदा सरळ असल्याने पलीकडचे तोंड टाचणीच्या टोकाएवढे दिसत राहते आणि कितीतरी वेळ ते मोठे होतच नाही. चालत पन्नास मिनिटे लागली.

पलीकडची पेटी २००१ मध्ये एका हॉलिवूड चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ठेवलेल्या मोजक्या कॅशपैकी एक आहे. मधल्या काळात ती नाहीशी झाली होती, मग काही वर्षांनी परत आली. तशी दुसरी आता फक्त ब्राझीलमध्ये उरली आहे. जागा नेमकी कुठे ते लिहीत नाही, पण पायवाट सोडून चढावे लागते आणि उतार निसरडा आहे, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घालावेत. वयस्कर माणूस सोबत असेल तर कॅशच्या पानावरचा भूप्रदेशाचा, म्हणजे वाट किती अवघड आहे याचा, आकडा आधी पाहावा. तो एकपासून पाचपर्यंत असतो आणि दोनच्या वर गेला की मी दोनदा विचार करतो.

तिथे पहिला धप्पा काकांचा पडला. ते इतके दूर जाऊन, इतक्या शांतपणे म्हणाले की आम्हाला आधी ऐकूच आले नाही. माझा शेवटचा होता, वीस मिनिटांनी. वही ओलसर होती आणि बॉलपेन चालेना, म्हणून पेन्सिल नेहमी सोबत ठेवावी. काकांनी खिशातून बोटभर पेन्सिल काढून देवनागरीत ‘मोजणीदार, नाशिक’ असे लिहिले, खाली तारीख घातली, आणि जुन्या सवयीने शेजारी तिघांच्या सह्या साक्षीदार म्हणून घेतल्या. वही अजून बदलली गेली नसेल तर पुढे जाणाऱ्यांना ते पान दिसेल.